सत्त्याण्णव तासांचा निळा पट्टा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१५

ताई आज निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, आईला माझ्याकडे नेते. विचारलं नाही, सांगितलं.

म्हणजे सात आठवडे मी जे केलं ते पाण्यात. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत अंथरुणावर आहे. ताई सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी अडीच तास येऊन जाते. येणाऱ्याजाणाऱ्याचं लोकांना फार कौतुक.

सोळा तारखेला, रविवारी, मामा येणार आहेत. आईचे धाकटे भाऊ. ते म्हणतील ते शेवटचं, असं ठरलं. मी आवाज चढवणार नाही. मी गणित शिकवतो. मी डेटा ठेवीन समोर.

४ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे ५.१०

संकल्प: रोज पाचला उठणे. आईशी रोज अर्धा तास बोलणे. डायग्राम दहा तारखेपर्यंत पूर्ण.

डायग्राम म्हणजे प्रवाहाचा. एक जाड पट्टा निघतो आणि त्याला शाखा फुटतात. जितकं प्रमाण तितकी रुंदी. आईच्या आठवड्याचे १६८ तास, ते कोण कोण वाहतं, हे मामांना एका नजरेत कळलं पाहिजे. स्लाइडवर बाण काढणं शाळकरी काम. मी संगणकाला आज्ञा लिहून, टाइपसेटिंगच्या भाषेत काढणार, जिच्यात मी प्रश्नपत्रिका करतो. मिलिमीटरचाही फरक पडत नाही. त्यासाठी वेगळं पॅकेज, म्हणजे तयार आज्ञांचा संच, मिळालं. मॅन्युअल ६४ पानं.

६.२०. पान ११ पर्यंत वाचलं. आईने मध्ये तीनदा हाक मारली. पाणी हवं होतं. पाच मिनिटांत देतो म्हटलं. साडेसहाला ताई येतेच.

आईशी बोलणे: उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला पट्टा उमटला! सरळ होता, पण माझा होता.

हिशेब साधा. ताई रोज पाच तास, आठवड्याचे ३५. मावशी, म्हणजे दिवसभराची बाई, सहा दिवस दहा ते चार, ३६. उरले ९७. ते माझे. दुसरं कोण असतं घरात?

ताई हिरवी, मावशी करडी, मी निळा. निळा इतका रुंद आला की हिरव्याची दया आली. आईला दाराशी उभं राहून सांगितलं की तुझ्यासाठी एक मोठं काम चाललंय. ती म्हणाली, उशी जरा सरकव. सरकवायला जाणारच होतो, तेवढ्यात कंपाइल संपून चित्र पडद्यावर आलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.४०

मावशीची सुट्टी. मला कॉलेज नाही. म्हणजे दहा ते चार मीच. हे सहा तास ९७ मध्ये आधीच धरलेत, पण मी मनाचा मोठा, दुप्पट धरले नाहीत.

दुर्दैवाने आजच एरर आली. जितकं आत जातं तितकंच बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर पॅकेज पुढे हलत नाही. माझी बेरीज १६७ होत होती. एक तास कुठे गळत होता हे शोधायला पाच तास गेले. ३५ च्या जागी ३४ टाइप झालं होतं.

आईची चादर मधल्या काळात ओली झाली. तिने हाक मारली असं ती म्हणते. मारली असेल. कानात हेडफोन होते.

सायं. ७. ताईने चादर बदलली, आईला पुसलं, कूस बदलली. मला एक शब्द बोलली नाही. मी दिवसभर एकट्याने सांभाळलं हे तिला जाणवलं असावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर घरी आले. आईला माकडहाडापाशी जखम झालीय, अंथरुणात पडून पडून होते ती. तळहाताएवढी. डॉक्टरांनी विचारलं, दर दोन तासांनी कूस कोण बदलतं? मी म्हटलं, आम्ही सगळे. ताईने खिडकीबाहेर पाहिलं. रोज धरून खुर्चीत बसवा, असंही ते म्हणाले.

प्रश्न मार्मिक होता. दुसरा डायग्राम हवा: कुशींचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईने मावशीला केव्हाचीच एक वही घालून दिलीय. कूस बदलली की खूण. उत्तम डेटा, दोघींना कदर नाही. मागच्या आठवड्याचं पान उतरवून घेतलं.

ताई २१. मावशी १८. दादा १. दादा म्हणजे मी. त्या खुणेपुढे मावशीने प्रश्नचिन्ह काढलंय. विचारलं तर म्हणाली, तुम्ही त्यांच्या पलंगावर चार्जर शोधत होता, तेव्हा त्या आपसूक वळल्या.

चाळीसात एक. पट्टा इतका बारीक आला की प्रिंटर छापेना. किमान रुंदी ठरवायची सोय आहे, ती वापरली. सहा मिलिमीटर. याला खोटेपणा म्हणत नाहीत, वाचनीयता म्हणतात.

रात्री विचार केला. कुशींचा डायग्राम नकोच. दोन चित्रांनी मामा गोंधळतील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलं. दुकानदाराने विचारलं, नदीचा नकाशा का? सामान्य माणसालाही प्रवाह दिसतो, हे सिद्ध झालं.

वळणं काय आलीत! निळा पट्टा आईपासून निघतो, हळूच झुकतो आणि भरून वाहतो. खरं सांगायचं तर बघताना डोळे भरून आले. इतकं केलं आपण.

आई काल दुपारी रडत होती, असं मावशी जाताना म्हणाली. जखम दुखत असेल. उद्या सगळं मिटेल.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २

बैठक आईच्याच खोलीत. ताई पलंगावर, मामा खुर्चीत, मी उभा.

बारा मिनिटं बोललो. मामांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. निळा कोण म्हणाले. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, बराच आहेस की.

ताईनेही कागद बघितला. मग शांतपणे म्हणाली, "यातले सत्तर तास रात्रीचे आहेत. रात्री ती हाक मारते तेव्हा तू उठतोस का?"

मी म्हटलं, मी शेजारच्या खोलीत असतो. त्याला सहवास म्हणतात. तो मोजला जातो.

आईने कागद मागितला. ताईने तिला चष्मा घातला. आईने निळ्यावरून बोट फिरवलं, अगदी टोकापर्यंत. म्हणाली, छान काढलंयस. मी ताईकडे पाहिलं. तिची मान खाली होती. जिंकलो असं वाटलं.

मग आई मामांना म्हणाली, "मला हिच्याकडे पोचव. ही नको म्हणत होती, त्याला वाईट वाटेल म्हणून. महिनाभर मीच हिच्या मागे लागलेय."

मी म्हटलं, आई, तू पूर्ण डायग्राम बघितला नाहीस.

ती म्हणाली, "बघितला रे. एवढा वेळ तू इथेच होतास, हेच मला माहीत नव्हतं."

मामांनी कागद गुंडाळायचा प्रयत्न केला. लॅमिनेट केलेला असल्यामुळे गुंडाळला जाईना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ॲम्ब्युलन्स दहाला आली. स्ट्रेचरला चार माणसं पुरली. मी दार धरलं. स्ट्रेचर निघाल्यावर दार आपोआप उघडंच राहतं, हे लक्षात आलं.

मावशी वही घेऊन गेली. ती ताईकडे कामाला जाणार आहे. कुणी मला विचारलं नाही.

चला. शांतता मिळाली. डायग्रामवर शोधनिबंध लिहीन. संकल्प: आईला एक दिवसाआड भेटणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भेट: नाही. पेपर तपासायचे होते. शिवाय लगेच गेलं की आपण दुखावलो नाही असा समज होतो.

निबंध: शीर्षक तयार.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.३०

ताईकडे जाऊन आलो. बसने वीस मिनिटं. तासभर बसायचं ठरवलं होतं, अर्धा तास बसलो.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बसली होती! केस विंचरलेले. जखम सुकतेय म्हणाली. कॉलेज कसं, जेवतोस का, सगळं विचारलं. रागावलेली अजिबात नव्हती. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. रागावली असती तर समजावून सांगता आलं असतं, पण ठीक आहे.

निघताना तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हटलं, "आई, काही लागलं तर मला हाक मार."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की ऑपरेशनची जागा दुखते म्हणून तिने मांडीवर हात दाबून धरला. ताई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं विचारू लागली. आईने हसत हसतच तिला माझं वाक्य सांगितलं. ताईने तोंडाला पदर लावला, पण तिचेही खांदे हलत होते. आईला असं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मीही हसलो. विनोद काय होता ते कळलं नाही.

घरी येऊन कुलूप उघडताना कळला.