घर विकणे आहे, मालक वगळून

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेतून जो आवाज आला तो नमस्कारात धरू नये.) तुझा खोकला थांबला असेल आणि भावोजींनी जातील तिथे कवळी विसरून येणं थांबवलं असेल, अशी आशा आहे. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे, आणि गुडघे सोडून बाकीची ही बरी आहे. गेल्या चार महिन्यांत ती तीनदा खाली उतरली, तिन्ही वेळा डॉक्टरकडे जायला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून हे घर विकून तळमजल्यावर जायचं ठरलं. ठरवायला दोन मिनिटं लागली. घर विकून देणारा एजंट निवडण्यात मात्र तीन महिने गेले, आणि त्याचीच ही कैफियत.

पहिला एजंट बसायच्या आधीच घराच्या प्रेमात पडला. मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, तिला तो 'शांत' म्हणाला. न्हाणीघरातल्या ओलीला 'गारवा' म्हणाला. स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम वळली की एकाला चटका बसतो, त्याला म्हणे 'आपुलकीची रचना'. (माझ्या टकलालाही काही म्हणाला असता, पण मी टोपी घातली होती.) जाहिरातीत त्याने क्षेत्रफळ ठोकून दिलं सहाशे पन्नास चौरस फूट. आता तू जाणतेसच, मी एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली. मला लांबून येताना पाहिलं की बाजारातले तराजू आपोआप सरळ व्हायचे. त्या माझ्याच घराच्या मापात पाप? पहिलं गिऱ्हाईक आलं, एक तरुण जोडपं. घर आवडल्याचं तोंडावर दिसत होतं. मी स्टीलची टेप काढली, एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून दाखवलं. सहाशे अकरा. बायकोने आभार मानले, नवऱ्याने टेप सोडून दिली, ती सपकन माझ्या नखावर बसली, आणि दोघं गेली. पाठोपाठ एजंटही गेला. त्याची छत्री अजून आमच्याकडे आहे.

दुसऱ्या एक बाई होत्या. हातात टॅब आणि तोंडात सतत 'आपण'. आपण हे कपाट हलवू, आपण हे फोटो उतरवू. (हलवलं मी. उरलेले 'आपण' खुर्चीत बसून सांगत होते.) घरात माणसं राहतात हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये, असं त्यांचं शास्त्र. आईबाबांची तसबीर पलंगाखाली गेली, हिच्या औषधांचा डबा साड्यांत गेला आणि टेबलावर प्लास्टिकची लिंबं आली. त्यातलं एक हिने चिरायला घेतलं होतं. मग बाईंनी असे काही फोटो काढले की आमच्या स्वयंपाकघरात पोरांनी सायकल चालवावी. त्यांना भुलून अकरा कुटुंबं आली. मी प्रत्येकाला, कोणी न विचारता, आरशामागची ओल दाखवली (आरसा स्वतः उतरवून, उगाच फसवणूक नको), खिडकीची कोणती कडी अडकते ते सांगितलं, आणि वरचे गृहस्थ पहाटे किती वाजता गुळण्या करतात तेही सांगितलं. अकराच्या अकरा पुन्हा फिरकली नाहीत. हात दाखवून अवलक्षण, असं ही म्हणाली. मी म्हटलं, याला सचोटी म्हणतात. त्यावर ती खिडकीत जाऊन खालचा रस्ता बघत बसली. अलीकडे ती फार वेळ तिथेच असते, आणि मला ते बघवत नाही.

तिसरा एजंट हिने बोलावला. मी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरलो. वीस वर्षांपूर्वी ज्या किराणा दुकानदाराचा तराजू मी जप्त केला होता, तोच हा! पारड्याखाली चुंबक लावायचा लबाड. दुकान बुडाल्यावर दलालीत शिरला, म्हणजे जित्याची खोड. मी टेप खिशात घेऊनच बसलो. पण मी सांगितलेलं सहाशे अकरा त्याने कागदावर मुकाट्याने लिहिलं. (म्हणाला, तुमच्याकडून एकदा धडा घेतलाय, पुन्हा छाती नाही.) खोल्या तर त्याने पाहिल्याही नाहीत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हिला एकच विचारलं, "वहिनी, पायऱ्या किती?"

"चौपन्न," ही ताडकन म्हणाली. "एकोणिसावीचा कोपरा तुटलाय. तिथे मी थांबते."

ताई, मला लाज वाटली. या घरातली भिंत न् भिंत, फळी न् फळी मी मोजली आहे. जिना कधी मोजला नाही, कारण तो आपल्या क्षेत्रफळात धरत नाहीत.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, घरात काही खोट नाही. महिन्याभरात विकून देतो. फक्त गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही घरात नको." मी हिच्याकडे पाहिलं. ती आधीच पुसलेली ताटली पुन्हा पुसत होती. तेव्हा चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आणि मोकळा झालो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. तो महिनाभर मी तुझ्याकडे येतो आहे, रविवारी सकाळच्या गाडीने. नाही म्हणू नकोस. मी हो म्हणायच्या आधीच हिने बॅग भरून दारात ठेवली आहे. तिच्या सोबतीला तिची बहीण येते आहे. टेप घेऊन येतो. तुझी मागची खोली दहा बाय बारा आहे, असं तू वर्षानुवर्षं सांगतेस, मला ते कधी पटलेलं नाही.

आणखी एक ता.क. पत्र टाकायला खाली आलो, टपालपेटीवर कागद ठेवून लिहितो आहे. उतरताना पायऱ्या मोजल्या. मग वर जाऊन पुन्हा मोजत आलो. एकोणिसावीचा कोपरा तुटलेला आहे, पण पायऱ्या बावन्नच भरतात. हिला यातलं काही सांगू नकोस. एकतीस वर्षांत चुकीच्या मापावर मी शिक्का मारला नाही, पण हे माप चौपन्नच आहे.