हँकचं आणि माझं फुरकायण

१८ नोव्हें.
सूर्य आज गेला, आता थेट जानेवारीच्या शेवटी. अलास्काचं हे उत्तर टोक, संशोधन स्टेशनवर आम्ही पाच जण. विमान फेब्रुवारीत. ईडन प्रेरीला घरी फोन लावून प्रज्ञाशी बोललो. थंडीबद्दल कुरकुर केली तर बायको म्हणते, "तूच मागून घेतलंस, नागपूरकरा." खरंय. हवामानाची यंत्रं सांभाळायचा जॉब मीच हट्टानं घेतला. पण मजा येतेय बावा.

२७ नोव्हें.
तक्रारसभा. आमची स्टेशनप्रमुख लिंडा, तिची पद्धत. आठवड्यातून एकदा जेवण झाल्यावर ज्याला खुपतंय त्यानं बोलायचं, ऐकणाऱ्यानं फक्त 'थँक यू' म्हणायचं. साठवलं की डोकी फुटतात म्हणे. आज हँक बोलला. जनरेटरवाला, साठीचा, टेबलावर माझ्या शेजारी बसतो. माझ्या चहाच्या फुरक्यांनी त्याला वेड लागायची पाळी आलीय! सगळे हसले. मी थँक यू म्हटलं. आतून जळून खाक. बशीतला चहा फुरका मारूनच पितात राजेहो, आमच्याकडे तीन पिढ्या तेच करतात.

४ डिसें.
चहा खोलीतच पितो. जेवणही खोलीत. लिंडा दोनदा बोलावून गेली, म्हटलं काम आहे. काम कसलं डोंबलाचं. प्रज्ञाला सांगितलं तर आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "रुसून बसायला ते काय माहेर आहे तुझं? चार माणसं आहेत तिथे. त्यातलं एक कमी करू नकोस."

१३ डिसें.
झोपेचं वाट्टोळं. सतत अंधार, दुपार की पहाट कळत नाही. आज बोलताबोलता पुढचा शब्दच सुचेना, तोंड उघडं तसाच उभा. लिंडा म्हणते अंधारात सगळ्यांचं असं होतं, एकटं राहिलं की जास्त. घाबरलो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी टेबलावर गेलो. चहा मगातून, मांजरासारखा बिनआवाजी. चव म्हणून लागली नाही. हँकनं मान हलवली. मीही.

२२ डिसें.
तक्रारसभा. हँक पुन्हा उभा. मनात म्हटलं, आता काय श्वासही घेऊ नको? तर म्हणतो, "समीर हल्ली आवाज करत नाही. शेजारी कुणी आहे की नाही तेच कळत नाही. मला जेवण जात नाही. त्यानं पूर्वीसारखा प्यावा."
नियमानं थँक यू म्हणायचं होतं. ते राहिलं बाजूला. उठून बशी आणली आणि असा दणदणीत फुरका मारला की... मग हँकलाही शिकवलं. अर्धा चहा त्याच्या शर्टावर. हसूनहसून पोटं दुखली सगळ्यांची.

२४ जाने.
सूर्य!! लिंबाच्या फोडीएवढा, तोही दहा-पंधरा मिनिटं. बाहेर सगळे नाचलो. हँक थर्मास घेऊन आलेला. बशीत ओतला तर प्यायच्या आत गार ढोण. तरी प्यालो. फार म्हणजे फारच खूश आहे आज.

९ फेब्रु.
विमान आलं. नवी माणसं केवढी बोलतात! कान किटले. हँक आणि मी ताटं घेऊन जनरेटरच्या खोलीत पळालो.
तिथेच लिंडानं गाठलं. उद्या परतताना आमच्या दोघांपैकी एकालाच जागा. पुढचं विमान हवा साथ देईल तेव्हा, पंधरा दिवस, महिना, कोण जाणे. नाश्त्यापर्यंत ठरवा म्हणाली. हँकला नात झालीय, अजून पाहिली नाही. माझा जीव प्रज्ञाकडे. म्हटलं तू जा. तो म्हणतो तू जा, बायको वाट बघतेय. अर्धा तास भांडलो, कुणी हटेना. शेवटी तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी गुपचूप त्याच्या खोलीत जाऊन त्याची बॅग भरून टाकली.
आपल्या खोलीत आलो, तर माझी बॅग भरलेली, चेन लावून दाराशी ठेवलेली.