पेटीपाशी चुरगळलेली पत्रं

न्हावरे, मे २००३

आप्पा,

आमच्या सुषमाच्या साखरपुड्यात तुम्हाला गंध लावताना तुमच्या दाजींचं बोट डोळ्यात गेलं. पिऊन आलेत समजून तुम्ही जेवणाआधीच उठून गेला. पाव्हण्यांपुढं दुखणं कळू नये म्हणून मी गप्प बसले.

ते मोटरसायकलवरनं पडले तवा लहान मेंदूला मार बसला, असं डॉक्टर म्हणतात. हात मांडीवर असला की थिर ऱ्हातो. कप घ्यायला गेला की लटपटतो आन् कपाच्या पुढं जातो.

हे तिसरं पत्र. ‘माझ्या हातानं चूक झाली, माझ्याच हातानं पेटीत टाकतो,’ म्हणतात. आधीची दोन्ही पेटीच्या फटीपाशी चुरगळली, तशीच खिशात घालून परत आणली.

हे बी त्यांच्याच हातात देणार हाय.

तुमची बहीण,
तानू