पेटीत नोंद नाही

चंद्रपूर,
ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. ललिताताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गावात रेंज नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. गेल्या रविवारी चहाही न घेता पळालो, राग ठेवू नकोस. तुमच्या गावच्या विजेच्या डीपीवर लावलेल्या माझ्या पेटीतलं नोंदींचं कार्ड इथं उघडून पाहिलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. रानडुकरांसाठी कुणी आकडा टाकून शेताभोवती जिवंत तार सोडली, की पेटीनं ते ओळखून वीज तोडायची. नऊ वर्षं पीएचडी याच्यावरच केली. आणि दोन महिन्यांत एकही नोंद नाही! बारा नोव्हेंबरला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. बारा वर्षं सहयोगी प्राध्यापकच राहिलो. माझे विद्यार्थी पुढे गेले. पेटी बिघडली, की यंदा कुणी तार टाकतच नाही? लगेच कळव.

माझ्या घाईसकट लोभ असू दे.
तुझा, प्रफुल

ता. ११ ऑक्टोबर

चि. प्रफुल,
अ. उ. आ.

निकालाआधी ताप काढायची तुझी खोड पन्नाशीतही गेली नाही. पेटी ठणठणीत आहे. ती मुलाखतीसाठी आहे हे तूच सांगितलंस ना? मग मीच घरोघर फिरले, की माझ्या भावाच्या कागदावर आपल्या गावचा एकही आकडा चढायला नको. शेजारचा बिरजू कुरकुरला, की डुकरं धान खाऊन राह्यले त्याचं काय. गुणाबाईनं त्याला गप्प केलं. तिचा पोरगा इसरू मागच्या वर्षी असल्याच तारेला चिकटून गेला. ती म्हणाली, बाईच्या भावाले बट्टा नाई लागला पाह्यजे. आता पुरुष पाळीपाळीनं मचाणावर बसून डबे बडवतात. तुझे भाऊजीसुद्धा, शिव्या देत का होईना. तुझा कागद कोरा करकरीत राहील बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस, माया आहेच.
तुझी ताई

चंद्रपूर,
ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

हसू की रडू कळेना. ताई, मला नोंदीच हव्या होत्या! त्यांच्याशिवाय पेटी चालते हे दाखवू कसं? काल भाऊजींना पत्र लिहायला घेतलं, की एकच दिवस तार टाका, पेटी वीज तोडेलच. मग वाटलं, तोडेलच हे मला तरी कुठं माहीत आहे? फाडून टाकलं. तू इसरूचं नाव लिहिलं नसतंस तर ते पत्र कंडक्टरच्या हाती गेलं असतं. माझी मलाच लाज वाटते.

तरीही लोभ कमी करू नकोस.
प्रफुल

ता. १८ नोव्हेंबर

चि. प्रफुल,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, जीव टांगणीला लागलाय. न विचारता शहाणपण केलं, चूक माझी. मुलाखतीचं काय झालं? डुकरांनी आमचं अर्धा एकर धान लोळवलं. उशिराचं धान अजून उभंच आहे. तुझे भाऊजी रोज विचारतात, प्रफुलची मुलाखत झाली काय, आता तार टाकू काय. बिरजूनं तर तार अंगणात आणून ठेवली. काय सांगू यांना?

वाट पाहते, उत्तरात आळस नको.
तुझी ताई

चंद्रपूर,
ता. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

पद मिळालं नाही. कोऱ्या कागदातून काय सिद्ध होतं, असं समितीनं विचारलं. फार लागलं गं. दोन दिवस वर्गावरही गेलो नाही. पेटीची चाचणी आता प्रयोगशाळेतच करीन. रविवारी येतो, मचाणावर भाऊजींची पाळी मी घेईन. पण मुलाखत झाली, हे त्यांना सांगू नकोस. पुढच्या वर्षी आहे म्हण. पुढच्या वर्षीही तेच सांग.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा, प्रफुल