ख्रिस्ती बांधवाची चौकट

…तेव्हा मी दोन्ही हातांनी टोपी धरून उभा होतो आणि मासिकाची पानं मांडणारी पूजा ती टोपी एका बाजूने हळूच ओढत होती. "काका, दोनच मिनिटं काढा ना!" मी नाही म्हणालो, आणि ठामपणे म्हणालो.

(पत्र असं सुरू करत नाहीत, ठाऊक आहे, पण राग ताजा आहे.) ती. दयाताईस धाकट्या दानीएलचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? इकडे प्रभुकृपेने सगळे बरे, कांद्याचं रोपही बरं.

तर नगरच्या एका मासिकाला मुखपृष्ठावर सगळा जिल्हा हवा होता. पूजाने फोटोसाठी भिंतीवर चौकटी आधीच आखल्या होत्या: शेतकऱ्याची हिरवी, कामगाराची निळी, 'ख्रिस्ती बांधवा'ची जांभळी, कोपऱ्यात मेणबत्ती. (आपल्याकडे मेणबत्ती वीज गेल्यावर शोधतात, हे मी बोललो नाही.) चर्चमधून माझं नाव गेलं. एरवी मी गेलो नसतो. पण आपल्या स्टेलाला कॉलेजातल्या मुली सारख्या म्हणतात, "तू ख्रिस्ती वाटतच नाहीस गं." तिने मला विचारलं, पप्पा, मग आपण कसं वाटायला हवं? मी म्हटलं, थांब, छापूनच आणतो.

गेलो नेहमीसारखा: सदरा, पायजमा, आबांसारखी कडक पांढरी टोपी. पूजाने बघताच मला हिरव्या चौकटीत उभं केलं. मी म्हटलं, बाई, मी जांभळा. तेवढ्यात बोलावलेला शेतकरी आला. वैजनाथ नावाचा तरुण. बुलेट, जीन्स, गॉगल. त्याला तिने न विचारता जांभळ्यात सरकवलं आणि खूश झाली. "अदलाबदलच करू या! काय मस्त दिसतंय. नाहीतरी खाली नावं नाहीत." वैजनाथ म्हणाला, "मला काय, कुठंबी उभं करा. पन फोटूत गाडी घ्या." (मुलगा गुणी आहे. शेतीही माझ्याहून चांगली करतो.)

मी जाऊन जांभळ्यात उभा राहिलो. मग टोपीचा प्रश्न निघाला. टोपी वर मथळ्यात घुसते, आणि टोपीवाला माणूस वाचकांना ख्रिस्ती कळत नाही. मी विचारलं, आमचे आबा हीच टोपी घालून गावोगाव येशूचं कीर्तन करायचे, ते काय वाचकांना विचारून? उत्तरादाखल खालच्या मजल्यावरच्या बँडवाल्याकडून एक कोट आला. लाल, खांद्यांवर सोनेरी झालर. मी त्याला हातही लावला नाही. शेवटी त्यांनीच फोटो पुढे ढकलला. माणूस ठाम राहिला की लोक नमतात, ताई.

तुझा,
दानीएल

ता. क. हात लावला नाही हे तितकंसं खरं नाही. मापापुरता घातला होता. बाह्या आखूड आहेत आणि पाठीवर बँडवाल्याचा मोबाईल नंबर आहे.

पुन्हा ता. क. दाजींचा लग्नातला काळा कोट पाठव. शनिवारी परत बोलावलं आहे. स्टेलाला शब्द दिलाय, चौकट हातची जाता कामा नये. टोपी मी पिशवीत ठेवीन.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी. पत्र टाकायचं राहिलं होतं. सकाळी स्टेलाला कोटाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग जांभळ्यात वैजनाथलाच राहू द्या ना." टोपीला तिनेच इस्त्री केली आणि शनिवारची वाट न बघता मला घेऊन नगरला गेली. कोट पाठवू नकोस. फोटो झाला. टोपीचं टोक मथळ्यात गेलं आहे.