दादाचं सुतक

शुक्र., २८ फेब्रु.
हे अजून मोऱ्याला, माझ्या माहेरी. फोन बंद. पोलीस परत येऊन गेले, माळ्यावरच्या गाद्यासुद्धा काढून बघितल्या. फिर्याद कुंदावैनींची, माझ्या मोठ्या जाऊबाईंची. दिनूदादा त्यांचा नवरा, ह्यांचा सख्खा चुलतभाऊ. एकाच अंगणात दोन घरं. रविवारी भांडण, सोमवारी वाशीच्या हॉस्पिटलात दादा गेला. डोक्यात पहार. कुणी मारली, चौघं चार गोष्टी सांगतात. फिर्यादीत ह्यांचं नाव पहिलं.
आणि कारण काय, तर देवीचे टाक. यंदा ते घरी ठेवायची पाळी आमची. दादा म्हणाला, घरं पाडून टॉवर होतोय, देव आता माझ्याच फ्लॅटमध्ये राहणार. एवढंच.

सोम., ३ मार्च
बेलापूर कोर्ट. अटकपूर्व जामिनाचा अर्ज लागला. वकीलबाई दोन मिनिटं बोलल्या. पोलिसांचं म्हणणं मागवलंय. तोवर धरू नका, असं काही कोर्ट म्हणालं नाही.
"मग मधेच धरतील?"
"धरू शकतात. टेन्शन नका घेऊ."
घेऊ नको तर काय करू, खाली ठेवू?
दोन्ही घरांना सुतक. भावकीच ना! ज्या देवावरून माणूस गेला त्याला दिवा लावायला आता कुणी नाही. पलीकडचं रडणं ऐकू येतं. एरवी पहिली मीच धावले असते. आता कुठल्या तोंडानं...

गुरु., ६ मार्च
काल दहावा. माझ्या भावाचा फोन. ह्यांनी मोऱ्याच्या धक्क्याजवळ बसून डोकं, मिशी सगळं काढलं. मोठा भाऊ गेला की धाकट्यानं काढायचंच असतं. भाऊ नको नको म्हणत होता. "दादा गेलाय माजा," म्हणाले. ऐकून वाईट वाटलं, बरंही वाटलं. कळेना काय वाटावं.

सोम., १० मार्च
तात्पुरतं संरक्षण मिळालं, पुढच्या सोमवारपर्यंत. हे पोलिसांकडे हजेरी लावून घरी आले. तिथले साहेब म्हणे डोक्याकडे बघतच राहिले, लिहूनही घेतलं. वकीलबाईंना सांगितलं तर ओरडल्याच. "वेष बदलून पळत होता म्हणतील! मला विचारायचं तरी!" सुतक पाळायला वकिलाला विचारायचं असतं, हे आमच्यात कुणाला माहीत?

सोम., १७ मार्च
अगदी तेच. सरकारी वकील म्हणाले, आरोपीनं ओळख लपवली. आमच्या बाई म्हणाल्या, हा शोक आहे.
"ज्याला मारलं, त्याचाच?" सरकारी वकील म्हणाले.
मागे कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायाधीशांनी कुंदावैनींना विचारलं, तुमच्यात असं असतं का? वाटलं, आता नाही म्हणतील नि संपलं सगळं. एक शब्द पुरे होता त्यांना.
वैनी उभ्या राहिल्या. "हाय साहेब. धाकट्यानं काढाचाच असतो." नि बसल्या.
निकाल शुक्रवारी.
बाहेर जिन्यात मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "तुमच्यासाठी नाय बोलली. खरा हाय ते बोलली." मग हळूच, "वासंती, पहार कोनी मारली? तू त्याला इचारलंस का?"
नाही विचारलं. वकीलबाई विचारत नाहीत, न विचारणं हे त्यांचं कामच. पण मी?

गुरु., २० मार्च
उद्या निकाल. जामीन मिळाला तर घर, नाहीतर कोठडी. म्हणजे विचारायचं तर आजच.
ह्यांच्या आवडीची सुकटीची चटणी केली. खाली मान घालून जेवत होते. डोक्यावर खुंट आलेत, काळ्यापेक्षा पांढरेच जास्त. दोनदा तोंड उघडलं मी.
"काय बघतेस?"
"केस यायला लागलेत," म्हटलं.
त्यांनी डोक्यावरून हात फिरवला नि भात मागितला. मी वाढला.