सरन्यायाधीशांचं एक मत

सदाशिव पेठ, पुणे
४ जुलै

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो ला हो करतेस, म्हणून पत्र. माझे दादा गेल्यापासून घरात मी थोरला. त्या नात्याने ठरवलंय, तुझ्या श्यामलाकाकूंनी आता त्यांच्या लेकाकडे, सौमित्रकडे, लोणी काळभोरला राहायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर एकट्या, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात. परवा जिन्यातच बसलेल्या दिसल्या. सौमित्र गप्प आहे, म्हणजे मान्य असावं. तुझी आई मात्र माझ्याशी मोजकंच बोलते. तुझ्या सर्वोच्च न्यायालयातही ज्येष्ठ तोच सरन्यायाधीश होतो आणि त्याचंच चालतं ना? तसं आईला कळव.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र यायला हवं.

गोपाळकृष्ण

नवी दिल्ली
११ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रिवाजाने सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश होतात. कोणतं प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे जायचं, तेही तेच ठरवतात. पण एकदा तिघांच्या खंडपीठावर बसले की त्यांचंही मत एकच. बाकीचे दोघे उलट गेले तर ते आपलं वेगळं मत लिहितात आणि निकाल मानतात. आणि जिच्याबद्दल निकाल द्यायचा, तिचं आधी ऐकून घेतात. बाबा, काकूला कुणी विचारलंय का? आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्या वेण्या तिनेच घातल्या. तिची फार आठवण येते.

रागवा हवं तर, माया कमी करू नका.

तुमची कादंबरी

सदाशिव पेठ, पुणे
१९ जुलै

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

लेकीला वकील केलं, आता भोगतोय. रविवारी खंडपीठ बसलं: मी, तुझी आई आणि सौमित्र. आधी वहिनींना विचारलं. मग म्हणाल्या की दादा गेल्यापासून जो तो काय करायचं ते सांगतो, काय हवंय ते आज पहिल्यांदा विचारलं. खिडकीतल्या दोन खुर्च्यांवर दोघांनी आयुष्यभर चहा घेतला, पुढचाही तिथेच घ्यायचा आहे. सौमित्रचे डोळे भरले. माझेही, पण ते आईला सांगू नकोस.

दोन विरुद्ध एक. वहिनी इथेच राहणार. जिन्यांबद्दल मी वेगळं मत दिलं. मात्र कामाची वाटणी सरन्यायाधीशांकडे असते, हे तूच लिहिलंस. तेव्हा मंडईतून भाजी आणून वर पोचवायचं काम मी स्वतःकडे घेतलंय. आज धापा टाकत पोचलो, तर वहिनींनी दादांची खुर्ची पुढे केली आणि आधी बसा म्हणाल्या.

लोभ आहेच. जिन्यांबद्दलचं मतही कायम आहे.

गोपाळकृष्ण